हारुनची कावीळ

हारुनचे हात कापत होते आणि तार काही त्याचं ऐकायला तयार नव्हती.

उम्म अल कुवैनच्या खाडीवर अरबाबची, म्हणजे मालकाची, पत्र्याची शेड आहे. तिच्या सावलीत तो सकाळपासून मांडी घालून बसला होता. पुढ्यात अर्धा विणलेला गरगूर. गरगूर म्हणजे मासे धरायचा तारेचा पिंजरा. कमरेएवढा उंच, वरून गोल, बाजूला आत वळलेलं नरसाळं. आमिषाच्या वासाने मासा नरसाळ्यातून आत येतो आणि मग त्या शहाण्याला बाहेर पडायची वाट सापडत नाही. विणायला काय, बघणाऱ्याला सोपंच वाटतं. तार घ्या, पीळ द्या, शेजारच्या तारेत अडकवा, परत पीळ द्या. हारुन हे काम पूर्वी गप्पा हाणत, चहा पीत, खाडीकडे बघत करायचा. आता डोळे फाडून बघितलं तरी पीळ अर्ध्यावर आला की बोटं थरथरायची, तार सटकन उसळायची आणि मनगटावर ओरखडा उठायचा. मनगटं बघून कोणालाही वाटलं असतं, हा मांजरीशी भांडून आलाय.

गोळ्यांनी असं होतं, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. हात कापतील, तहान लागेल, वजन वाढेल; पण गोळी सोडायची नाही. पाणी भरपूर प्यायचं, मीठ तोडायचं नाही, रक्त तपासायला वेळेवर यायचं. हारुन सगळं ऐकत होता. पाणी तर इतकं पीत होता की दिवसभर शेडच्या मागे फेऱ्या चालू. पायांचं आणखी निराळंच. एका जागी ठेवले की आतून कोणी तरी चल, चल म्हणत राहायचं. बसला की उठावंसं वाटे, उठला की चालावंसं, चालला की कुठे तरी टेकावंसं. जिवाला म्हणून थारा नाही.

माशांच्या विणीच्या दिवसांची बंदी संपत आली होती. ती उठली की अरबाबची लाँच समुद्रात जाणार, आणि तोवर नवे गरगूर तयार हवेत. अरबाब म्हातारा आणि भला माणूस. रोज येऊन खुर्ची टाकून बसायचा, "शुवय शुवय, हारुन," म्हणजे सावकाश कर बाबा, असं म्हणायचा. जाताना मात्र तयार मालाच्या रांगेकडे एकदा बघायचा. ते बघणं हारुनला शिवीपेक्षा जास्त लागायचं.

शेडच्या मागून तो परत येत होता तेव्हा त्याला दिसलं. विलास, कुडाळचा, गरगुरांच्या तळाच्या सळ्या वाकवणारा, त्याच्या जागेवर उकिडवा बसला होता आणि हारुनने सकाळपासून दिलेले पीळ पकडीने भराभर सोडवून पुन्हा घट्ट करत होता. सरावाने करत होता. म्हणजे आजचं नव्हतं हे. हारुन पाण्याच्या पिंपाआड थांबला. बत्तीस वर्षांचं पोर आपलं काम निस्तरतंय आणि आपण चोरासारखे पिंपामागे उभे! विलास उठून आपल्या सळ्यांकडे गेला, तेव्हा हारुन मोठ्याने खाकरून पुढे आला.

"काय हारुनभाई, चाय?" विलास म्हणाला, डोळे सळीवर.

"आण की," हारुन म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. खोर फक्कानहून लियाकत. त्याचा आवाज मुळातच असा की फोनशिवायही ऐकू यावा.

"अरे व्याही! तब्येत काय म्हणते? कावीळ गेली की नाही डोळ्यांतली? या जुम्याला येतोय आम्ही, मी आणि हव्वा. तारीख पक्की करून टाकू. ऑगस्टला तहाला लीव्ह मिळतेय, गावी निकाह, खलास! बिर्याणी राहू दे, वहिनीला सांग, पथ्याचं काय ते कर."

हारुनने "या, या" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवला आणि पुन्हा शेडच्या मागे एक फेरी मारून आला.

आता हे व्याही प्रकरण काय, ते सांगायला हवं.

लियाकत आणि हारुन एकाच गावचे, बाणकोट खाडीच्या काठचे. लहानपणी एका होडीत, इथे आल्यावर एका लाँचवर. मग बारा वर्षांपूर्वी शमालचा वारा उठला, समुद्र खवळला, आणि गरगुरांची अख्खी माळ पाण्यात राहिली ती राहिलीच. लियाकत म्हणे, हारुनने जागेची खूण जीपीएसवर नोंदवलीच नव्हती. हारुन म्हणे, नोंदवायला वेळ कुठे दिला, लियाकतची घाबरगुंडी उडाली आणि त्याने लाँच वळवली. त्या लाँचच्या मालकाने दोघांनाही काढलं. लियाकत खोर फक्कानच्या बंदरात कंटेनर बांधायच्या कामाला लागला, हारुन या म्हाताऱ्या अरबाबकडे गरगूर विणायला. तेव्हापासून जमातीत समोरासमोर आले तर सलाम घ्यायचे, हात मिळवायचे नाहीत.

आणि मग गेल्या डिसेंबरात हारुनला झोप येईना. येईना म्हणजे त्याला ती नकोच होती. अंगात दहा माणसांचं बळ आलेलं. दिवसभर विणायचा, घरी येऊन जेवायचा की नाही कोण जाणे, पुन्हा शेडवर. कोणी घाबरलं का? छे! अरबाब तर खूश, असा कामगार लाखात एक म्हणाला. एक गरगूर तर त्याने खोलीएवढा विणला, चार माणसं आत उभी राहतील असा. कशाला, विचारलं तर हसला. अरबाबने त्यात बकऱ्या बांधल्या. बकऱ्या अजून मजेत आहेत. गावी त्याने भावाबहिणींना, मावश्यांना, ज्याचं नाव आठवेल त्याला कार्टनं पाठवली. ब्लँकेटं, अत्तरं, दूध पावडर. गावात सगळे म्हणाले, हारुनचं नशीब फळफळलं. आखातातला माणूस उधळायला लागला तर त्याला बरकत म्हणतात आपल्यात, आजार कोण म्हणणार?

त्यातच शारजाच्या बागेत गावच्या जमातीचं संमेलन झालं. बिर्याणीची पातेली, पोरांच्या शर्यती, माइकवरून भाषणं. हारुन पांढराशुभ्र कुर्ता घालून उठला, माइक हातात घेतला आणि असा काही बोलला की बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मग भर सभेत लियाकतला मिठी मारली. "चूक माझी होती! सगळी माझी!" म्हणून रडला. लियाकतही रडला. आणि त्या रडारडीतच हारुनने जबान दिली, "माझी नबिला तुझ्या तहाला दिली!" लियाकतच्या बायकोने, हव्वाबीने, चहाच्या टेबलावरून साखरेची कागदी पुडी उचलली, फोडली, चौघांच्या तोंडात चिमूट चिमूट घातली. टाळ्या! मोबाइल वर झाले. नबिला तेव्हा हातात रिकाम्या प्लेटी घेऊन मागे उभी होती. तिच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. फिरदोसला, हारुनच्या बायकोला, मनातून वाटलं की चला, बारा वर्षांचा मळ धुतला गेला.

त्याच आठवड्यात हारुन जुम्याचे कपडे घालून खाडीत गळ्यापर्यंत शिरला. पाण्याखालून त्याला हाका येत होत्या. बारा वर्षांपूर्वी हरवलेले ते गरगूर. त्यांत अजून मासे शिरतायत, अडकतायत, मरतायत, आणि त्याला नावाने बोलावतायत. आजही त्याला त्या हाका आठवतात, शेजारच्या खोलीतून बायको बोलावते तितक्या स्पष्ट. पोलिसांनी होडीने येऊन ओढून काढला, तर त्यांनाच दुवा देत बसला. पुढचे काही आठवडे दवाखान्यात. डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. समजावलं, हा वर चढवतो तसा खालीही आपटतो, औषध घेतलं तर माणूस नीट जगतो. मग खाली आपटणंही झालं. फेब्रुवारीभर हारुन भिंतीकडे तोंड करून पडून होता. हळूहळू उठला. अंघोळ करायला लागला. मार्चात शेडवर आला.

गावाला काय सांगायचं? फिरदोसने सांगितलं, कावीळ झाली. झालं! गावाला कावीळ म्हणजे घरचंच दुखणं. दर येणाऱ्या माणसाबरोबर मुळ्या येऊ लागल्या, पाल्याच्या पुड्या येऊ लागल्या, अमक्याच्या हातून नाकात रस घाल असे निरोप येऊ लागले. फिरदोसच्या सासूबाई मरियमबी तर रोज फोनवर विचारायच्या, "लघवी पिवळी होते का रे?" आणि हारुन हसू दाबत म्हणायचा, "कमी झाली, आई."

हसू दाबायला तो शिकला होता. मोठ्याने हसला की घर घाबरायचं.

संध्याकाळी त्याने फिरदोसला जुम्याचं सांगितलं. ती बांगड्याचं कालवण ढवळत होती. गॅस बारीक केला, झाकण ठेवलं, आणि हलक्या आवाजात म्हणाली, "तुम्ही टेन्शन घेऊ नका. मी बघते."

"काय बघतेस?"

"सांगू या की इस्तिखारा केला, नमाज पढून अल्लाचा कौल मागितला, तो ठीक आला नाही."

"जबान दिल्यावर कोण इस्तिखारा करतं, फिरदोस? लियाकत काय कुकुलं बाळ आहे?"

"मग सांगू, पोरगी तयार नाही."

"म्हणजे बोट पोरीवर."

"असू दे. पोरीवर ठेवलं तर चार दिवस बोलतील. तुमच्यावर ठेवलं तर..." ती थांबली. मग सरळच म्हणाली, "वेड्याची मुलगी म्हणतील तिला. तहाच काय, कोणीच येणार नाही मग. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढं ऐका माझं."

हारुन उठून पॅसेजमध्ये चालायला लागला. दारापासून बेसिनपर्यंत, बेसिनपासून दारापर्यंत. फिरदोस स्वयंपाकघरातून त्याची पावलं ऐकत होती.  ती हल्ली काहीच बोलायची नाही. त्याने मीठ जास्त मागितलं तरी द्यायची, टीव्ही मोठा केला तरी चालू द्यायची, आणि तो वळला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायची. हारुनला वाटे, हिने एकदा तरी चमचा आदळावा.

"नबिला काय म्हणते?" त्याने तिथूनच विचारलं.

"ती काही म्हणत नाही."

"विचारलंस?"

"तुम्ही विचारलं होतं?"

हे तिच्या तोंडून निसटलं. लगेच जीभ चावून म्हणाली, "जेवायला बसता का?" पण जायचं ते बाणासारखं गेलंच होतं.

नबिला शारजाला एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये बस रखडत रखडत यायची. दुसऱ्या दिवशी हारुन मुद्दाम स्टॉपवर जाऊन उभा राहिला. उभा कसला, येरझारा घालत होता. दमट हवा अंगाला चिकटत होती, रस्त्याच्या कडेला वाळू, समोर टायरवाल्याच्या दुकानात पंप धडधडत होता. बसमधून पोरगी उतरली, बापाला बघून दचकली.

"अब्बा? व्हॉट हॅपन्ड?"

"काही नाही गं. घ्यायला आलो. बापाने येऊ नये का?"

ती त्याच्याबरोबर चालू लागली. चालताना तीही त्याच्या तोंडाकडे बघत होती, आईसारखीच.

"नबिला, परवा लियाकत येतोय."

"आय नो."

"तुला तहा पसंत आहे?"

"ही इज अ नाइस गाय. इट्स फाइन, अब्बा."

"नाइस गाय मला पण माहीत आहे. मी विचारतोय, लग्न करायचंय?"

"इट्स फाइन, म्हटलं ना."

"फाइन म्हणजे हो की नाही?"

ती थांबली. बॅगचा पट्टा या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला. बावीस वर्षांची पोर, पण नाक लाल झालं की अजून सहा वर्षांची दिसायची.

"डॉक्टरने सांगितलंय तुम्हाला स्ट्रेस द्यायचा नाही. मी नो म्हटलं, लियाकतचाचा चिडले, फाइट झाली आणि तुम्ही परत पाण्यात गेलात तर?" तिने नाक पुसलं. "हू विल पुल यू आउट? मी दवाखान्यात पेशंटचे अपॉइंटमेंट देत असते आणि माझं डोकं खाडीवर असतं, अब्बा. एव्हरी डे."

 टायरवाल्याचा पंप बंद झाला, परत सुरू झाला. आपल्याला वाचवायला पोरगी स्वतःला देऊन टाकायला निघालीय, आणि तेही घराघरांत होतं तसं गुपचूप, फाइन फाइन म्हणत! अल्ला, हा कुठला बाप झालो मी?

"चल," तो शेवटी म्हणाला. "आई वाट बघत असेल."

त्या दिवसापासून जुम्यापर्यंत त्याचं चित्त म्हणून एका जागी लागलं नाही. शेडवर तार हातात घ्यायचा, ठेवायचा. उठून पाण्याच्या कडेपर्यंत जायचा, लाँचच्या दोरांना हात लावून परत यायचा. खाडीचं पाणी ओसरलं होतं, काळा चिखल उघडा पडला होता, त्यावर बगळे. विलास बघून न बघितल्यासारखं करत होता. हारुनला एकच भीती. त्याच्या डोक्यात जो विचार वळवळत होता तो त्याचा स्वतःचा की आजाराचा? सगळ्यांसमोर उभं राहून काही तरी बोलून टाकावं, ही ऊर्मी त्याने आधीही अनुभवली होती. बागेत माइक उचलताना हेच वाटलं होतं की आता बोललो नाही तर छाती फुटेल.

त्याने स्वतःला तपासून बघितलं, डॉक्टरीणबाईंनी शिकवल्याप्रमाणे. झोप? झाली, आणि सकाळी उठवायला लागलं. जेवण? पोटभर. तारेचा आवाज? डिसेंबरात विणताना ती गायची, आता मुकी. समुद्र? समुद्र समुद्रासारखा, मासळीचा वास मारणारा. शिवाय बागेत त्याला जराही भीती वाटली नव्हती. आता तर लियाकतचा चेहरा आठवला तरी भीती वाटत होती. एवढी भीती वाटते म्हणजे शहाणपणच असणार, असा त्याने हिशेब लावला.

मग तो विलासजवळ गेला.

"विलास, माझे पीळ तू परत घालतोस. मी बघितलं."

विलासचा चेहरा पडला. "तसं नाय हो हारुनभाई... अरबाबने बघितलं असतं तर..."

"चांगलं केलंस. पण चोरून नको. तू पीळ घाल, मी सळ्या वाकवतो. वाकवायला कापरा हात चालतो."

सळी जाड, बुद्धीची नाही, ताकदीची. संध्याकाळपर्यंत दोघांचं काम पुढे सरकलं. अरबाब आला, रांगेकडे बघितलं, खजूर दोघांच्या हातावर ठेवून गेला.

जुम्याची नमाज झाली आणि लियाकतची गाडी खाली लागली. जिन्यावरूनच त्याचा आवाज वर आला. पोट सुटलेलं, दाढीला मेंदी. मागे हव्वाबी, हातात जरीच्या रुमालाखाली झाकलेलं तबक. मिठाई, हिरव्या बांगड्या, एक भारी शरारा. आणि वेगळी एक कागदाची पुडी.

"ही मुळी गावाहून मागवली," हव्वाबीने बसता बसता सांगितलं. "ताकात उगाळून घ्यायची, हारुनभाई. पिवळेपणा मुळासकट जातो. पण तुम्ही तर गुटगुटीत झालात की! काविळीत माणूस वाळतो."

"सुजलाय तो," लियाकत म्हणाला. "औषधांनी सुजलाय. हो ना वहिनी?"

फिरदोसने "हो" म्हटलं आणि सरबताचे ग्लास पुढे केले. तिने नवऱ्याकडे डोळ्यांनी विनवून बघितलं. नबिला दाराशी उभी होती, ओढणी डोक्यावर.

"लियाकत," हारुन म्हणाला, "मला कावीळ झाली नव्हती."

"मग? डेंग्यू?"

"डोकं फिरलं होतं. वेड लागलं होतं मला. वेड्यांच्या दवाखान्यात होतो मी, तिथून आलोय."

फिरदोसच्या हातातला ट्रे भिंतीला लागून खणकन वाजला. लियाकतने आधी हसून बघितलं, मग बायकोकडे बघितलं, मग हसू पुसलं.

"काही तरीच काय बोलतोस?"

"खरं बोलतोय. महिना महिना झोपत नव्हतो. पाण्यातून हाका यायच्या, बारा वर्षांपूर्वीचे आपले गरगूर बोलवायचे मला. खाडीत शिरलो होतो त्यांना काढायला. पोलिसांनी काढलं मला. आता औषध आहे. आयुष्यभर घ्यायचंय. परत होणारच नाही असं डॉक्टर पण सांगत नाहीत."

"कधीचं हे?"

"बागेतल्या आधीपासूनचं. मी जबान दिली तेव्हा मी माझ्या ताब्यात नव्हतो, लियाकत. ती जबान मी परत मागतो. शुद्धीतला बाप पोरीला विचारतो. मी विचारलंच नव्हतं."

हव्वाबीच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पोरीला पसंत नसेल तर तसं सांगावं माणसाने. बापाला वेडा कशाला ठरवायचं? आणि ते असं उघड्यावर! उद्या हिला कोण करील?"

"नो, चाची," दाराशी नबिला म्हणाली. आवाज बारीक, पण सरळ. "अब्बा सच बोल रहे हैं. आणि आय डोन्ट वॉन्ट टू मॅरी तहा. दोन्ही वेगळं आहे. सॉरी."

 फिरदोसच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते रागाचं की कशाचं, तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लियाकत गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत होता. हारुनला वाटलं, हा आता उठेल, खाली जाईल आणि गाडीत बसायच्या आधी गावाला फोन लावेल.

"त्या दिवशी," लियाकत म्हणाला, आणि त्याचा तो दणदणीत आवाज गेला कुठे कोण जाणे, "त्या दिवशी तू मला सगळ्यांत चांगला वाटलास. बारा वर्षांत पहिल्यांदा माणसासारखा बोललास. मी घरी जाऊन हव्वाला म्हटलं, हारुनचं काळीज मोठं निघालं. आणि तू सांगतोस ते वेड होतं? पोरीचं सोड. ती मिठी मारलीस, माफी मागितलीस, तीही वेडाचीच?"

 हारुनचे पाय सैरभैर झाले होते, उठून पळावंसं वाटत होतं. तो पाय दाबून बसला.

"मला नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "त्या दिवसांतलं माझं किती आणि आजाराचं किती, रोज निवडतोय. मिठी माझी असावी. बारा वर्षं मला तुझी आठवण यायची, हे शुद्धीवर सांगतो. पण माफी..."

"माफी काय?"

"माफी वेडाची होती. चूक माझी नव्हती. लाँच तू वळवलीस."

 लियाकतच्या मेंदीच्या दाढीवरून लाली वर चढत गेली.

"मी? मी वळवली?"

"तूच. खूण नोंदवायला मला एक मिनिट तरी दिलंस का?"

"एक मिनिट? अरे लाटा डोक्यावरून जात होत्या, आणि तू तिथे बटणं दाबत बसला होतास! चष्मा कोणी विसरला होता घरी?"

"चष्म्याचं काढू नकोस! सुकाणू कोणाच्या हातात होतं?"

"सुकाणू माझ्या हातात होतं म्हणून आज जिवंत बसलायस, हरामखोरा!"

"हळू," फिरदोस घाबरून पुढे झाली, "भाईजान, हळू बोला, यांना डॉक्टरने..."

"कसलं हळू!" लियाकत उठूनच उभा राहिला. "बारा वर्षं जमातीत मला भित्रा ठरवलं याने! वेड लागलं होतं तेव्हा कुठे एकदा खरं बोलला, तर म्हणतो ते वेड होतं! मी शहाण्याशी भांडतोय, वहिनी, तुम्ही बाजूला व्हा! तारीख-बिरीख राहू दे, पोरगी नको म्हणते तर नको, माझा तहा काय रस्त्यावर पडलाय का! पण शमाल उठला तेव्हा उत्तरेला कोण बघत नव्हतं, ते आज सांग!"

हव्वाबीने तबकावर रुमाल नीट ओढला, चारी कोपरे आत खोचले. "सुंभ जळला तरी पीळ जळत नाही या दोघांचा," ती फिरदोसला म्हणाली. चेहरा उतरलेला होता, पण सरबताचा ग्लास तिने उचलला. फिरदोस मध्ये पडायला निघाली तशी नबिलाने तिचा हात धरला.

"अम्मी, लेट देम."

डिसेंबरापासून या घरात हारुनशी कोणी आवाज चढवून बोललं नव्हतं. लियाकत ओरडत होता, बोट नाचवत होता, शिव्या घालत होता, आणि हारुन उभा राहून त्याला वाऱ्याची दिशा, दोराची लांबी, वेळ, एकेक मुद्दा सुनावत होता.